मिशी येईपर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी शंकरच्या दुकानापुढं सकाळपासून गर्दी असते. महिनाभर श्रावण पाळलेली सगळी दाढीवाली मंडळी त्या एकाच दिवशी उगवतात. आत बाकावर जागा नसते, बाहेर उभ्या मोटारसायकलींवर माणसं बसलेली असतात. कुणी खत-बियाण्याच्या दुकानातला, कुणी शाळेवरचा, कुणी सेनगावच्या जीपवरचा. आत जाताना सगळे एकाच घरातले वाटतात आणि बाहेर येताना ज्याचा त्याचा चेहरा घेऊन येतात. आज सकाळी मी दूध घेऊन तिथून चाललो होतो. माझ्याही गालांवर महिन्याची दाढी. शंकरनं आतून हाक मारली, "मारोतराव, बसता का?" मी घरीच करतो हे त्याला चांगलं माहीत आहे. मी मान हलवली तर म्हणाला, "मग वरच्या ओठाला जपा बरं यंदा." दुकानातले दोघं-तिघं हसले. मलाही हसू आलं. घरी पोचेपर्यंत ते काही टिकलं नाही.

लोकांना भादवा म्हटलं की गणपती आठवतात, भरत आलेल्या सोयाबीनच्या शेंगा आठवतात. मला गेल्या वर्षीपासून माझा वरचा ओठ आठवतो. असं काही कुणाला सांगावं तर माणूस आधी हसतो आणि मग घड्याळ बघतो, म्हणून मी सांगत नाही. आज मात्र शंकरनं विषय काढलाच आहे.

सामान आधी सांगतो. एक पितळी रेझर, वरचा पांढरा मुलामा कधीच उडून गेलेला. एक ब्रश, मधले केस बसलेले. एक जर्मनची खोलगट वाटी. गोल साबण. तुरटीचा एक खडा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. आणि कोपऱ्यात तडा गेलेला आरसा, त्याला मागून तारेचा आकडा. हे सगळं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की आबा कळप घेऊन बाहेर पडायचे, खतासाठी लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे, पाऊस लागला की गावात परतायचे. गावात न्हावी होता, पण रानात कोण येणार? म्हणून ते स्वतःची स्वतः करायला शिकले. बाभळीला आरसा अडकवायचा, वाटीत चुलीवरचं पाणी घ्यायचं. सहा-सहा महिने रानात राहणारा माणूस रोज दाढी करतो हे लोकांना खोटं वाटायचं. आबा म्हणायचे, दाढी वाढली की मेंढरं बुजतात. खरं-खोटं मेंढरांना माहीत.

मी त्या वाटेला गेलो नाही. शिकलो, हिंगोलीत एका कॉलेजच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो, निळे प्लास्टिकचे रेझर वापरून फेकत राहिलो. डब्यातला फेस दाबायचा, दोन मिनिटांत तोंड साफ, आठवड्यातून तीनदा रक्त. आबा मुक्कामाला आले की माझा तो उद्योग दारातून बघत उभे राहायचे आणि काही न बोलता निघून जायचे. कळप त्यांनी विकला तेव्हाही ते काही बोलले नव्हते.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या थोडं आधी, आबांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि डोक्यातलं काही काही गेलं. आम्ही त्यांना आणि मायला हिंगोलीला घेऊन आलो. डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की कुठं कापलं तर रक्त लवकर थांबायचं नाही, दाढी मशीननंच करा. मी चांगलं बॅटरीवरचं मशीन आणलं. ते चालू केलं तसा त्याचा आवाज ऐकून आबांनी मान मागं घेतली.

"मेंढरालाबी मशीन लावलं न्हाई मी कधी," ते म्हणाले. "अन् तू बापाला लावून राहिला."

शंकरला घरी बोलावलं. तो फोन खांद्यात धरून बोलत बोलत फेस लावायला लागला. आबांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "तुझं बोलणं होऊ दे. मी हाय हितंच." शंकर पुन्हा काही आला नाही. राहिलो मी.

आबांनी एकच अट घातली. आधी स्वतःच्या तोंडावर शिकायचं, हात बसला की त्यांच्याकडं यायचं. म्हणून आमच्या घरी रोज सकाळी मागच्या ओट्यावर दोन पाट पडायला लागले. आरसा जाळीला अडकवायचा. आधी माझी दाढी, मग रेझर उकळत्या पाण्यातून काढून, त्यात त्यांचं वेगळं ठेवलेलं पातं घालून त्यांची. सकाळी काय खाल्लं हे न सांगता येणारा माणूस त्या पाटावर बसला की सगळं आठवून आठवून सांगायचा. शब्द मात्र मेंढरांचे.

"आधी भिजू दे. कोरड्यावर कातर घातली की मेंढराला बी राग येतो."

लोकर कातरण्याआधी ते सगळा कळप नदीत धुवायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. त्याचा माझ्या गालाशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. गरम पाण्यात पिळलेला पंचा गालांवर धरून बसायचं, ते म्हणतील तोवर. तोवर ब्रश पाण्यात भिजत पडलेला. मग साबण वाटीत फिरवायचा. पहिले पंधरा दिवस माझा फेस धुण्याच्या पाण्यासारखा व्हायचा, गळ्यावरून बनियनमध्ये उतरायचा. पाणी थेंबा-थेंबानं घालायचं असतं हे मला होळीच्या सुमारास कळलं. तेव्हापासून फेस घट्ट व्हायला लागला, वाटी उपडी केली तरी न सांडणारा. शोभा, माझी बायको, खिडकीतून बघून म्हणाली, "एवढ्या वेळात माझा सैपाक झाला." खरंच झालेला असायचा.

नंतर दिशा. आबांनी त्यांच्या डाव्या हातानं माझं बोट धरलं आणि माझ्याच गालावरून फिरवलं. "लोकर कुठं झुकली बघ. आंगाच्या वळणानं जायचं." चाळिशी ओलांडलेला माणूस मी. माझ्या गळ्यावर डावीकडं केस आडवे येतात आणि जबड्याखाली एक भोवरा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या भोवऱ्यावरून उलटा नांगर घालत होतो. मग दाब. "कातर दाबायची न्हाई. तिला चालू द्यायची." रेझरला ते कातरच म्हणायचे. दांडा सैल धरायचा, डाव्या हातानं कातडी ताणायची, पातं आपल्या वजनानं खाली येऊ द्यायचं. कानाजवळ लहान लहान हात, गालावर जरा लांब. एकदा केसांच्या कलानं, मग पुन्हा फेस, मग आडवं. त्यांची करताना तेवढ्यावर थांबायचं. मला उलटंही करायला लावायचे. शेवटी गार पाणी, तुरटी, खोबरेल तेलाचे दोन थेंब.

आणि मग परीक्षा. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांची पाठ माझ्या हनुवटीपासून कानाकडं वर सरकायची, अगदी सावकाश, आणि कुठंतरी थांबायची. "हितं राहिलं." मी तेवढी जागा पुन्हा करायचो. "हितं बी." संक्रांतीपासून आखाडापर्यंत एकही सकाळ अशी गेली नाही की काही राहिलं नाही. मला आतून चीड यायची. आरशात बघितलं तर काही दिसायचं नाही. पण त्यांची बोटं खोटं बोलणारी नव्हती, मी तिथं बोट नेलं की काटा लागायचाच.

मेंढरू नीट कातरून झालं की आबा त्याच्या पाठीवर थाप मारायचे, "बराबर" म्हणायचे आणि सोडून द्यायचे. ते अंग झाडत पळायचं. लहानपणी मी बाजूला बसून लोकर गोळा करायचो, तेव्हा दिवसातून पन्नासदा तो शब्द ऐकला असेल. मला तो कधी म्हणाल्याचं आठवत नाही. दहावी झालो तेव्हा नाही, नोकरी लागली तेव्हाही नाही. आता कुणाला सांगायचीही लाज वाटते, पण मी रोज लवकर उठून पाणी तापवायचो ते त्या एका शब्दासाठी. डॉक्टर म्हणाले होते की एकेक माणूस त्यांच्या डोक्यातून जाईल. शोभाचं नाव गेलं होतं, भावकीतली माणसं गेली होती. मी होतो. 'मारत्या, हितं राहिलं' असं ते म्हणायचे. म्हणजे वेळ थोडा होता आणि मला तो शब्द त्या वेळेत हवा होता.

श्रावण लागला. आबांनी जन्मभर पाळलेला, म्हणून आम्ही दोघांनी पाळला. महिनाभर रेझर डब्यात. पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवं पातं काढलं.

त्या दिवशी माझा हात फार चांगला लागला होता. आधी कात्रीनं दाढी बारीक केली, दोनदा पंचा धरला, तीनदा फेस घेतला. भोवऱ्याला वळसा घालून आलो. बोटानं चाचपून बघितलं तर कुठंच काही नाही. मनात म्हटलं, आज. फक्त मिशीची खालची कड राहिली होती. डाव्या टोकाला रेझर टेकवला आणि त्याच वेळी शेजारच्या पाटावरून आबांचा हात माझ्या गालावर आला. माझं संपायच्या आधी त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. बोटं हनुवटीपासून निघाली, वर सरकायला लागली आणि थांबली नाहीत. जबडा ओलांडला, तरी थांबली नाहीत. आणि मी, काय सांगावं माझी अक्कल, आता ते बोलणार म्हणून तोंड त्यांच्याकडं वळवलं. रेझर ओठावर तसाच होता.

आरशात बघितलं तर डाव्या बाजूची निम्मी मिशी फेसात. आबांनी हात काढून घेतला होता. त्यांच्या बोटाला फेस लागलेला, त्यात काळे केस. ते त्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडून काय निघणार होतं ते तोंडातच राहिलं.

माय चहा घेऊन आली. तिनं बघितलं, कप खाली ठेवला आणि मला म्हणाली, "पुस ते." जणू लागलेलं काही आहे आणि ते पुसता येतं.

आमच्यात बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. ती एकदाच जाते, बाप गेल्यावर, दहाव्याला, नदीवर. एरवी वाढवा, कापा, टोकं वळवा, पण ओठ उघडा पडता कामा नये. उघडा ओठ म्हणजे घरात काय झालं ते सांगावं लागत नाही. मी काही या गोष्टी मानणारा नाही, निदान माझा तसा समज होता. पण त्या सकाळी माझ्या तोंडचं पाणी पळालं हे कबूल केलं पाहिजे.

रुमाल तोंडावर धरून शंकरकडं गेलो. त्यानं माझं तोंड बघितलं आणि वस्तरा खाली ठेवला. "वडील हाईत ना तुमचे?"

"आहेत. अरे पण अर्धी गेलीच आहे, उरलेली सारखी तर कर."

"अर्धी तुमच्या हातानं गेली," तो म्हणाला. "राहिलेली बी तुमच्याच हातानं जाऊ द्या. मला न्हाई जमायचं, माफी करा."

शोभानं काजळाची कांडी काढली. तिनं मन लावून गेलेली बाजू रेखून दिली आणि त्या दिवशी मी तसाच कचेरीत गेलो. दुपारपर्यंत घामानं काजळ दातांपर्यंत आलं. संध्याकाळी मी आरशापुढं बसलो आणि राहिलेली मिशी स्वतः उतरवली. हात सैल धरला, केसांच्या कलानं, शिकवल्याप्रमाणं. कुठंही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या टेबलापाशी एकेक जण हात जोडून यायला लागला. "कवा झालं? कळवलं बी न्हाई." हेडक्लार्कनं न मागता रजेचा अर्ज पुढं केला. शेजारच्या काकू डोक्यावर पदर घेऊन मायला भेटायला आल्या आणि मायनं त्यांना आबांसमोर नेऊन उभं केलं, "बघा, बसले हाईत, चहा पिऊन राहिले." मी प्रत्येकाला सांगत होतो की अहो, आबा आहेत, हात घसरला. एकाचा तर हिरमोड झाल्यासारखा वाटला. हे सगळं मी आजही रंगवून सांगू शकतो आणि ऐकणारे पोट धरून हसतात. इथपर्यंत ते हसण्यासारखंच आहे.

मधली सकाळ गडबडीत गेली, पाट पडलेच नाहीत. तिसऱ्या सकाळी ते मांडले, पाणी आणलं. माझ्या गालांची झाली आणि वाटी घेऊन मी आबांपुढं बसलो. त्यांची नजर माझ्या उघड्या ओठावर थांबली.

"कवा गेला?" त्यांनी विचारलं.

"कोण, आबा?"

"तुझा बाप."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा घाईघाईनं म्हणालो, "तुमीच माझे बाप. मी मारत्या. मिशी चुकून गेली, तुमच्यासमोरच गेली की."

ते हसले. दुःखात माणूस काहीबाही बोलतो तेव्हा समोरचा हसतो तसं. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "व्हतं असं लेकरा. आठ-पंधरा दिवस पटत न्हाई. दारात उभा हाय असंच वाटतं. मलाबी वाटलं व्हतं."

लहानपणी मेंढ्यानं ढुशी देऊन माझा हात मोडला होता, तेव्हासुद्धा आबांच्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता. इतकं मऊ बोलता येतं त्यांना, हे मला माहीतच नव्हतं. मी वाटीत ब्रश फिरवत राहिलो.

मायला हाक मारली. ती म्हणाली, "अहो, मारत्या हाय हा आपला."

"मारत्या मेंढरं घेऊन गेला न्हाई का," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "माझं पोरगं तुझ्याच वयाचं हाय. रानात हाय सध्या. आलं की भेट घालून देतो. तुला बरं वाटंल."

मी मेंढरं घेऊन कधी गेलो नव्हतो. त्यांच्या डोक्यात मात्र मी गेलो होतो आणि चांगला चाललो होतो. त्या मुलाचा मला राग आला. मग आपली जागा आपणच त्याला देऊन बसलो म्हणून माझाच राग आला. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले मिशीचा काही संबंध नाही, हे होणारच होतं, आज नाही तर महिन्यानं. त्यांचं खरं असेल. पण मिशी जाईपर्यंत मी मारत्या होतो, हेही खरं आहे.

मग मिशीची वाट बघणं सुरू झालं. दुसरा इलाजच नव्हता. मिशी येईल, चेहरा भरेल, आबा ओळखतील, एवढंच आम्ही धरून बसलो. माय रोज माझ्या ओठाला एरंडेल लावायची. कुणीतरी कांद्याचा रस सांगितला, तोही झाला. शोभा आठ दिवस माझ्याशी तोंड फिरवून बोलायची. माय मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त कुंकू आधीपेक्षा मोठं लावायला लागली आणि सोमवारी औंढ्याला जाऊन आली. मिशी आधी मळासारखी आली, मग खरखरीत, मग मधेच विरळ. मी दिवसातून दहादा आरशात बघायचो. ज्या तोंडावरचा एकेक केस काढायला सहा-सात महिने शिकलो, त्याच तोंडावर केस येईनात म्हणून रडकुंडीला आलो होतो.

रोज सकाळी आबा नव्यानं विचारायचे, "कवा गेला?" पहिले दिवस मी वाद घातला, फोटो दाखवले, रेशनकार्ड दाखवलं. ते थकायचे, घाबरे व्हायचे. मग मी हात टेकले. "झाले थोडे दिवस," म्हणायला लागलो. ते मान हलवायचे आणि गळा पुढं करायचे. गोळ्या चालू असलेला, अनोळखी माणसापुढं उघडा ठेवलेला गळा. मी पातं चालू द्यायचो. झालं की ते म्हणायचे, "बस झालं. लई तकलीफ घेतली तुमी." मला, 'तुमी'. माझ्या गालावरून हात फिरवणं त्यांनी बंद केलं होतं. परक्या माणसाच्या गालाला कोण हात लावतो?

पितृपक्षात आजोबांची तिथी आली. माझ्या आजोबांची, म्हणजे आबांच्या वडिलांची. मायनं खीर केली, वडे केले. आबांपुढं ताट ठेवलं तर ते घास घेईनात. माझ्याकडं बोट करून मायला म्हणाले, "ह्याच्या बापाचं काढलं का? पहिलं वर्ष हाय. आधी त्याचं काढ, मग मी खातो." नवऱ्यासमोर नवऱ्याचा घास कसा काढणार ती? शेवटी मीच आजोबांसाठी काढलेली पत्रावळ उचलली. "काढलंय आबा, हे बघा," म्हणालो आणि गच्चीवर घेऊन गेलो. कावळा लगेच आला. खाली येऊन सांगितलं तर ते समाधानानं म्हणाले, "मग खूश हाय तो." आणि जेवले. माय त्या दिवशी जेवली नाही.

दसऱ्यापर्यंत मिशी पुरी आली. पहिल्यासारखी, टोकांना जरा वळलेली. सणाच्या सकाळी मी अंघोळ केली, आबांना माहीत असलेला जुना चौकड्यांचा सदरा घातला आणि पाटावर त्यांच्यासमोर बसलो. माय दारात उभी. शोभाही कामं सोडून आली. आबांनी बघितलं. बोट पुढं केलं आणि माझ्या मिशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"आली व्हय मिशी," ते म्हणाले. "बरं झालं. सुतक फिटलं. आता रडत बसू नको, कामाला लाग." मग आपट्याची दोन पानं माझ्या हातात ठेवली. "घरी माय असंल ना तुझी? तिला जप."

माय आत निघून गेली. मी पानं खिशात ठेवली आणि पाणी तापवायला उठलो, कारण दाढीची वेळ झाली होती.

तेव्हापासून वर्ष होत आलं. एखाद्या दिवशी ते काहीच विचारत नाहीत, एखाद्या दिवशी पुन्हा 'कवा गेला' पासून सुरुवात. मारत्या अजून रानातच आहे. त्याची मेंढरं आता दोनशेवर गेली आहेत असं परवा म्हणाले. मी रोज पाणी तापवतो, पंचा पिळतो, फेस करतो. तो शब्द आता कुणाकडून हवा आहे हे मला धड सांगता येणार नाही, पण हात चुकवावासा वाटत नाही.

आज शंकरच्या दुकानावरून आलो आणि पाट मांडले. यंदाचाही श्रावण आम्ही दोघांनी पाळला होता. नवं पातं घातलं. आधी कात्री, मग पंचा, मग फेस. मिशीची कड सगळ्यात आधी करून टाकली, आबांकडं पाठ करून. मग गाल, गळा, जबड्याखालचा भोवरा. उलटा हात केला, तुरटी फिरवली. रेझर खाली ठेवून त्यांच्यासाठी पाणी बदलायला वळलो, तर त्यांचा हात माझ्या गालावर आला. वर्षानं आला. बोटं हनुवटीपासून निघाली, वर सरकली, जबडा ओलांडून कानापर्यंत गेली. दुसऱ्या गालावरून गेली. कुठंच थांबली नाहीत. मी हाललो नाही.

"बराबर," ते म्हणाले.

आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मग विचारलं, "कोनं शिकवलं हे?"

"बापानं," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आज असता तर त्याला बरं वाटलं असतं."

"व्हय," मी म्हणालो, आणि त्यांच्या गालांवर पंचा धरला.